तळहाताखालची बातमी

बाविस्कर बाई आठवतात त्या आधी वासातून. हिवाळ्यातल्या सकाळी ताज्या वर्तमानपत्राला येतो तो शाईचा ओलसर, किंचित तेलकट वास. त्यात मिसळलेली खडूची कोरडी धूळ. आणि खिडकीच्या गजांतून आत येणारा, मैदानाच्या कडेला कुणीतरी शेकोटीसाठी पेटवलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर. धुळ्याची थंडी येते ती वाऱ्याला सोबत घेऊन, आणि देवपूरच्या आमच्या शाळेत पत्र्याखालच्या वर्गांमध्ये ती दुपारपर्यंत मुक्काम ठोकून असे. त्या थंडीत, उन्हाच्या एका तिरक्या पट्ट्यात, टेबलावर घडी घातलेलं वर्तमानपत्र आणि त्यावर पालथा ठेवलेला बाईंचा उजवा तळहात. हे चित्र मनात इतकं खोल बसलं आहे की त्यांचा चेहरासुद्धा मला त्या हातानंतर दिसू लागतो.

बाई नववी-दहावीला भूगोल शिकवीत. मी शेजारच्या वर्गावर तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला गेले होते, आणि आमच्या दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती, प्लायवूडचा पडदा होता. माझा समास आणि त्यांचा समुद्र एकमेकांत पाझरत असत. कितीदा तरी मी फळ्याकडे तोंड करून उगाच थांबत असे, पलीकडचं वाक्य पुरतं ऐकू यावं म्हणून. आणि माझी मुलंही त्या वेळी शहाण्यासारखी गप्प बसत, कारण त्यांनाही तेच ऐकायचं असे.

त्यांची रीत साधी होती. रोजच्या पेपरातली एक बातमी घ्यायची, ती तळहाताखाली झाकायची, आणि फक्त तिचं स्थळ मोठ्यानं वाचायचं. तिथे काय घडलं असेल ते मुलांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघून सांगायचं. जमीन कसली, पाणी किती, वारा कुठून येतो, माणसं काय पिकवतात, काय विकतात, कशाला भितात. या प्रश्नांच्या वाटेनं चालत गेलं की बातमी आपोआप समोर येते, अशी त्यांची श्रद्धा होती. "जागा आधी, बातमी मग," त्या म्हणत. आणि एक नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता: ती बातमी त्यांनीही आधी वाचायची नाही. पेपर दारात पडला की डोळे बारीक करून त्या केवळ स्थळं न्याहाळत, एक निवडत, आणि तशीच घडी पिशवीत टाकत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "मला उत्तर ठाऊक असलं की ते माझ्या आवाजात येतं गं पोरी. मग मुलं नकाशा सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतात."

एका सकाळी त्यांनी आखातातल्या एका सामुद्रधुनीचं नाव वाचलं. पलीकडून एक घोगरा आवाज, "बाई, तठे बंदर शे का?"

"बंदर नाही रे. गल्ली आहे. समुद्राची अरुंद गल्ली."

"मंग गल्लीमा ट्रॅफिक जाम!" वर्ग हसला. बाई हसू देत. हसून झालं की विचारत, "हसलास, आता सांग. जाम झाला तर कोण अडकेल?"

"तेलाची जहाजं."

"ती तिकडून येणारी. आणि आपल्याकडून जाणारी?"

बाकांची करकर. आणि मग बाकावर उडी मारल्यासारखा एक आवाज: "केळी! मना मामानी केळी तठेच जातस बाई!" जळगावकडच्या कुठल्याशा मळ्यात कापलेला घड आणि नकाशावर नखाएवढी दिसणारी ती खाऱ्या पाण्याची चीर यांच्यामध्ये एका मुलाच्या डोक्यात वाट तयार झाली होती, आणि ती तयार होताना मी कानांनी ऐकली होती. बाईंनी हात उचलला. बातमीत युद्ध होतं, थांबलेली जहाजं होती. केळ्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. "पेपरवाल्यांना तुझा मामा माहीत नाही," त्या म्हणाल्या, "आपल्याला आहे."

असा तास झाल्यावर त्या शिक्षकखोलीत येत तेव्हा मात्र कुणीतरी दिवसभराचं ओझं सकाळीच त्यांच्या खांद्यावर ठेवल्यासारख्या दिसत. खुर्चीवर बसताना आधी एक हात टेबलावर टेकवीत, मग देह हळूच खाली सोडत. केस बरेच पांढरे, मेंदी कधी लावलेली नाही. साडी सुती, पदर नेहमी डाव्या बाजूला खोचलेला. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मूळच्या त्या जामनेरकडच्या. थंडीची लाट आली की पाय दुखत असतानाही पहिल्यांदा म्हणत, "तिकडे केळीला चरका बसला असेल." गारठ्यानं करपणाऱ्या पानांना तिकडे चरका म्हणतात. दुरून उच्चारलेल्या त्या एका शब्दात त्यांचं अवघं माहेर असे.

"काय बाई, आज कुठं फिरवून आणलंत पोरांना?" विज्ञानाचे सर विचारत.

"फार लांब नाही. तिकीट काढलं नव्हतं, म्हणून मध्येच उतरवलं," बाई म्हणत, आणि डोळे मिटून घेत.

त्या थकव्याचं मूळ मला तेव्हा वयात दिसलं होतं. आता वाटतं, जगाची रोज एक बातमी अंगावर घेणाऱ्या माणसाला विसावा कुठून मिळणार? पूर, भूकंप, वणवे, स्थलांतरं, कोरडे पडलेले तलाव या सगळ्यांवर त्या तळहात ठेवत आल्या होत्या, आणि हात ठेवला की ऊब तिकडे जाते, गारवा इकडे येतो. मी चळवळीच्या, पत्रकांच्या घरात वाढलेली मुलगी. आमच्याकडे प्रत्येक वाक्य मूठ आवळून उभं असे, आणि अन्याय दिसला की त्याच्यावर रात्रीतून चारशे शब्द छापून सकाळी वाटायचे, ही आमची उपासना. बाईंचा उघडा, पालथा, संथ हात मला प्रथम दुबळा वाटला होता. नंतर मला त्याचं वेड लागलं.

मग ती सकाळ आली. पडद्यापलीकडून बाईंचा आवाज आला, "आजचं स्थळ, धुळे."

वर्गात कल्लोळ झाला. आपलं धुळं? आपण बातमीत? एरवी ज्या मुलांना महासागर ओलांडायला लावावं लागे, त्यांना आज बाकावरून उठायचीही गरज नव्हती.

"थंडीनी बातमी व्हई!"

"हायवेवर ट्रक उलटला."

"बाई, आपल्या शाळेची सहल मंजूर झाली!"

"तुझ्या सहलीची बातमी द्यायला पेपर काय तुझ्या काकाचा आहे?" बाईही रंगात आल्या होत्या. "असं उगाच नका फेकू. जागा बघा. धुळ्यात काय आहे?"

"नदी."

"नदीला काय?"

"पानीच नही!" सगळे हसले. पांझरेच्या त्या दिवसांतल्या पात्राला हसण्यावारी नेणं देवपूरच्या कुठल्याही मुलाला जमतं. पूल ओलांडताना सगळेच ते करतात.

त्या हसण्याच्या तळातून, मागच्या बाकावरून, एक बारीक आवाज आला. "नदीकाठनी घरं पाडतीन, बाई."

तो रमिलाचा आवाज होता. रमिला पावरा. दहावीतली, सातपुड्याच्या पायथ्याकडून मजुरीसाठी शहरात आलेल्या कुटुंबातली, घट्ट दोन वेण्यांची, क्वचितच बोलणारी मुलगी. कुणीतरी म्हणालं, "पानीच नही, तं घरं कसाले पाडतीन?" पुन्हा हशा. आणि बाईंनी हात उचलला. मला कागदाची सळसळ ऐकू आली, मग वाचण्याइतकी शांतता. पूररेषेच्या आतली घरं हटवणार, अशी ती बातमी होती.

बाईंना आनंद झाला. आयुष्यभर ज्या क्षणाची शिक्षक वाट पाहतो तो क्षण आला, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांचा आवाज तरुण झाला. "शाब्बास रमिला! बरोब्बर! सांग सगळ्यांना, कशावरून ओळखलंस?"

"आमनं घर शे तठे," रमिला म्हणाली. "कालदिन लाल रंगन्या खुना करी ग्यात."

पडद्याच्या अलीकडे माझ्या हातातला खडू तसाच राहिला. पलीकडून बाईंनी "बस बाळा" एवढंच म्हटलेलं ऐकू आलं, आणि तासाची घंटा होईपर्यंत त्या फळ्यावर काहीतरी लिहीत राहिल्या.

ती पूररेषा मी नंतर स्वतः चालत जाऊन पाहिली. रेषा म्हणजे निसर्गानं आखलेली गोष्ट, असं आपण मुलांना सांगतो. पाणी उंची बघून चढतं, माणसं बघून चढत नाही. पण इथली लाल खूण पत्र्याच्या खोल्यांवरून, चुलींवरून, शेळीच्या खुंट्यावरून सरळ चालत आली होती, आणि त्याच काठावर, त्याच उंचीवर उभ्या असलेल्या एका प्रशस्त मंगल कार्यालयापाशी पोचल्यावर तिनं अदबीनं वळण घेतलं होतं. हे मी बाईंना संतापानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "समोच्च रेषा अशी वळत नसते," एवढंच पुटपुटल्या, आणि चष्मा पुसू लागल्या.

घरं पडली. आवाज शाळेपर्यंत आला नाही. यंत्राचा आवाज नदीच्या खोलगट पात्रात मुरून जातो. त्यानंतर रमिला थोडे दिवस येत राहिली. तिची वह्या-पुस्तकं प्लास्टिकच्या गोणीत असत, आणि ती गोणी ती बाकाखाली न ठेवता मांडीवर घेऊन बसे. आणि व्हरांड्यात मी पहिल्यांदा ऐकलं: "ए बातमी! आज काय छापी उनं?"

पोरं दुष्ट नव्हती. नाव ठेवणं ही त्या वयाची सवय असते. जाड्याला जाड्या म्हणावं तसं त्यांनी तिला बातमी म्हटलं. पण ते नाव चिकटलं. पाणी प्यायला गेली तरी बातमी, उशिरा आली तरी बातमी, रडली तर ताजी बातमी. एके दिवशी बाक रिकामा दिसला. दुसऱ्या दिवशीही.

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. तेही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त शांतता प्रिय होती. "बाई, बोर्डाचं वर्ष आहे. गावातल्या गोष्टी वर्गात नकोत. पेपर घरी वाचा, इथे पुस्तक घ्या." मी तिथेच उभी होते. मला वाटलं, आता ठिणगी पडेल. इतक्या वर्षांची रीत, मुलांच्या डोक्यात घातलेलं इतकं जग, कुणीतरी असं कपाटात ठेवायला सांगितल्यावर माणूस पेटून उठेलच. बाई म्हणाल्या, "बरं."

"तुम्ही बरं कसं म्हणालात?" बाहेर आल्यावर मी जवळजवळ ओरडले. "मी पत्रक काढते. त्या रेषेवर, त्या कार्यालयावर, या सगळ्यावर."

"काढ की. काढायलाच पाहिजे," त्या जिना उतरता उतरता म्हणाल्या. कठड्याला धरलेला त्यांचा हात प्रत्येक पायरीला थांबत होता. "फक्त तिचं नाव घालू नकोस त्यात. एकदा झाली ना ती बातमी. मीच केली." मग तळाशी पोचल्यावर, दम घेत: "पत्रक तू वाट. मला तिला शाळेत आणायचं आहे. मार्चपर्यंत तरी."

त्या रविवारी आम्ही रिक्षानं गेलो. हायवे ओलांडून बरंच पुढे, जिथे शहर संपतं आणि माळ अजून सुरू झालेला नसतो, अशा जागी नदीकाठून हटवलेल्यांच्या पत्र्याच्या नव्या खोल्या उभ्या होत्या. वाऱ्यानं सगळे पत्रे एकदम वाजत. रमिलाची आई चुलीपाशी होती. "बसा बाई," ती म्हणाली, "आठे खुर्ची नही." बाई गोणपाटावर बसल्या. त्यांना खाली बसायला किती त्रास होतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी नजर वळवली.

कोरा चहा आला. रमिला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आत नाही की बाहेर नाही.

"आमी गावले जाई राहिनूत," आई म्हणाली. "घर नदीवर व्हतं, तं पूल वलांडीसन पायेपाये कामले जाऊत. आते रिक्षामाच बठ्ठी मजुरी जास."

"तुम्ही जा," बाई म्हणाल्या. "रमिलाला माझ्याकडे ठेवा. देवपुरातच घर आहे माझं, मी एकटीच असते. परीक्षा झाली की मी स्वतः तिला गावी आणून पोचवीन."

आईनं पदरानं डोळे टिपले, आणि थोडं हसलीही. "तुमले नाही कशी म्हनू बाई? तिलेच इचारा."

बाईंनी रमिलाकडे पाहिलं. इतक्या मुलांना इतके प्रश्न विचारलेल्या त्या बाईंच्या तोंडून तो प्रश्न बाहेर पडेना. रमिलानंच सांगून टाकलं. "मी नही येत, बाई. वर्गमा मनं नाव बातमी पडी गे."

"मी सांगेन त्यांना. पुन्हा एक जण म्हणणार नाही."

"तुम्ही सांगशात तं गप बसतीन," रमिला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. शहाण्या माणसानं दुसऱ्याला समजावून सांगावं तशी ती बोलत होती. "पन गप बशीसन मनाकडे देखतीन."

वारा पडला. पत्रे थांबले. नसलेलं उत्तर बाईंनी कधी कुणाला दिलं नव्हतं. त्यांनी चहा संपवला, पेला उपडा ठेवला, आणि उठताना माझ्याऐवजी रमिलाचा आधार घेतला.

ते लोक निघाले त्या सकाळी बाई स्टँडवर गेल्या, मीही गेले. शिरपूरच्या गाडीत भांड्यांची पोती चढत होती. कंडक्टर "ओ अक्का, ते पोतं मागं घ्या, वाट मोकळी करा" म्हणून खेकसत होता. बाईंनी रमिलाला भूगोलाचं पुस्तक आणि नकाशांची जुनी वही दिली. "परीक्षेचा अर्ज भरलेला आहे तुझा. नुसती पेपरांना ये. मी इथे उभी असेन." मग त्यांनी गावाचं नाव विचारलं. रमिलानं सांगितलं. जगातल्या सामुद्रधुन्या ज्यांना तोंडपाठ, त्या बाईंना ते नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, नवीन शब्द शिकणाऱ्या मुलीसारखं.

गाडी सुरू झाल्यावर रमिलानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती. "बाई, आमना गावनं नाव पेपरमा कव्हय ई?"

बाईंनी हात वर केला होता, तो तसाच राहिला. "कधीच न येवो, बाळा," त्या म्हणाल्या. इंजिनाच्या आवाजात ते तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

मार्चमध्ये बाई प्रत्येक पेपराच्या सकाळी स्टँडवर उभ्या राहिल्या. शिरपूरची गाडी येई, माणसं उतरत, गाडी रिकामी होई. भूगोलाच्या पेपराच्या दिवशी त्या पुढच्या गाडीसाठीही थांबल्या. रमिला आली नाही. का आली नाही, ते कळायला वाट नव्हती. रमिलाच्या आईचा फोन बाई लावत गेल्या आणि तो बंद असल्याचं एक ध्वनिमुद्रित आवाज त्यांना सांगत गेला. माझं पत्रक निघालं, वाटलं गेलं, पुलावर काही दिवस पायांखाली फडफडत होतं. मंगल कार्यालय जागच्या जागी आहे. माझी नेमणूकही वर्षाबरोबर संपली, आणि मी जळगावला आले.

परवा धुळ्याला गेले होते तेव्हा सकाळीच बाईंकडे डोकावले. त्या ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर पेपर पूर्ण उघडलेला. वर्गात आता त्या पुस्तकच शिकवतात; मुलं नीट लिहितात, कुणी हसत नाही. मी शेजारी बसले तरी त्यांनी मान वर केली नाही. बोट आतल्या पानांतल्या बारीक बातम्यांवरून सरकत होतं: अपघात, वीज पडणं, साथ, बिबट्या, वाहून गेलेला फरशीपूल. रमिलाच्या गावाकडच्या, शिरपूर तालुक्याच्या ओळींपाशी बोट मंदावे. शेवटच्या पानाचा शेवटचा स्तंभ संपला तेव्हा त्यांनी दीर्घ श्वास सोडला, आणि इतका वेळ आखडून धरलेले त्यांचे खांदे खाली आले.

"नाही," त्या म्हणाल्या, मला की स्वतःला. "आजही नाही."

रस्त्यावर ऊन चढत होतं, दूधवाला हाळी देत पुढे गेला. आपल्यातून निघून गेलेली काही माणसं निरोप पाठवत नाहीत, पत्ता ठेवत नाहीत. त्यांची खुशाली आपल्याला रोजच्या गदारोळात, जे छापलं गेलेलं नाही तिथे शोधावी लागते, आणि काळ पुढे सरकतो तो बहुधा अशाच कुणाच्या तरी बोटाखालून, एकेका न सापडलेल्या नावानं.